कॅमेरा खाली ठेवायचा का?

ताई, नमस्कार.

मी २७ वर्षांची आहे. घणसोलीला राहते, महापेला एका ऑफिसात ग्राफिक डिझायनर आहे, सुट्टीच्या दिवशी फोटोग्राफी करते. नेरूळला दर जानेवारीत एका मैदानावर दोन दिवसांचा संगीत महोत्सव असतो. पहिल्या संध्याकाळी शास्त्रीय, दुसऱ्या संध्याकाळी बँड. चार वर्षं मी तिथं हौसेनं फोटो काढतेय. यंदा समितीच्या सेक्रेटरींनी फोन करून सांगितलं, ‘लाइव्ह आर्ट आणि फोटोग्राफी, दोन्ही विभाग तूच सांभाळ.’ म्हणजे गाणं चालू असताना मंचाजवळ चित्र काढणारे ५ चित्रकार, ४ फोटोग्राफर आणि मी. बहुतेक सगळे माझे मित्रमैत्रिणी, नाहीतर कॉलेजचे ज्युनियर. साहित्याचा खर्च समिती देणार, मानधन नाही. ‘मुलांना प्लॅटफॉर्म मिळतोय’ असं म्हणाले.

गेल्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक ज्येष्ठ फोटोग्राफर आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. आलाप चालू असताना ते मंचाच्या अगदी कडेला गुडघे टेकून फोटो काढत राहिले. गायिकेनं डोळे उघडले आणि त्या गायच्या थांबल्या. दुसरं म्हणजे, माझ्या मैत्रिणीनं दोन तास राबून काढलेलं चित्र समितीनं तिला न विचारता प्रमुख पाहुण्यांना भेट देऊन टाकलं. ती त्याबद्दल अजून बोलत नाही, आणि यंदा तिला बोलवायचं आहे मीच.

शनिवारी समितीची बैठक आहे. हो म्हणू का? म्हटलं तर या सगळ्यांना कसं सांभाळू? आणि जाता जाता एक विचारते: दोन दिवस सगळ्यांचं बघत फिरले, तर माझे फोटो कधी काढू?

— एक वाचक, घणसोली

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तू अगदी शेवटी, ‘जाता जाता’ म्हणून टाकलायस. मी तिथूनच सुरुवात करते. ते दोन दिवस तुला कॅमेरा जवळजवळ खालीच ठेवावा लागेल. समितीतलं कुणी तुला हे सांगणार नाही, कारण त्यांना वाटतं, तू फोटो काढता काढता बाकीचं बघशील. तसं होत नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की माणूस चौकटीच्या आत जातो. हा विभाग सांभाळणाऱ्याला चौकटीबाहेर काय चाललंय ते बघायचं असतं. कुणाचा दिवा गेला, कुठलं पोर ओल्या कॅनव्हासकडे धावतंय, कोण गायिकेच्या पायाशी सरकतंय. दोन्ही एका वेळी जमत नाही. मी करून बघितलंय.

तरीही माझं मत विचारशील तर हो म्हण. गेल्या वर्षी ते चित्र गेलं, कारण त्या क्षणी तिथं ‘थांबा, आधी तिला विचारा’ असं म्हणणारं कुणी नव्हतं. पाहुणे उभे होते, शाल-श्रीफळ झालं होतं, कुणाला तरी सुचलं आणि कॅनव्हास उचलला गेला. चित्र काढणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे असा एक माणूस त्या गर्दीत मोकळ्या हातांनी उभा हवा. तू नाही म्हणालीस तर ती जागा रिकामी राहील, किंवा तिथं फक्त खुर्च्या आणि चहाचे कप मोजणारं कुणीतरी येईल.

हे मी एवढ्या खात्रीनं म्हणते, कारण पहिल्यांदा हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मीही तेच मोजत बसले होते. ठाण्यात, उपवन तलावाच्या काठी. चित्रकार माझ्यापेक्षा वयानं मोठे, हात अतिशय तयार. मी त्यांना मंचाच्या उजव्या अंगाला जागा दिली, पाणी दिलं, स्टूल दिलं. प्रकाशाचा विचारच केला नाही. मंचावर एवढे दिवे आहेत, त्यात होईल की, असं वाटलं. दुसऱ्या गाण्याला लाइटवाल्यानं सगळा मंच लाल केला. त्या उजेडात पांढरा कॅनव्हास लाल दिसतो, आणि लाल रंगही त्याच्यासारखाच दिसतो. ते ब्रशनं लाल लावत होते आणि लावलेलं दिसत नव्हतं, म्हणून आणखी घेत होते. पुढं निळा उजेड आला. आता तोच लाल काळा दिसायला लागला. वीस मिनिटं ते असे चाचपडत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. सकाळी उन्हात कॅनव्हास बघितला. गवयाचा खांदा आणि अर्धा गाल मिळून लालभडक डाग झाला होता. ते काही बोलले नाहीत. खाली बसून पॅलेट खरवडत राहिले. चूक माझी होती आणि नाव त्यांचं खाली लागलं होतं.

तेव्हा चित्रकाराला स्वतःचा पांढरा उजेड, ही शनिवारच्या बैठकीतली पहिली मागणी. प्रत्येक कॅनव्हासला दोन दिवे, वरून तिरपे. दिवसाच्या उजेडासारखे पांढरे, साधारण ५००० केल्विनचे. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, तो ९० च्या वर बघून घे. रंग जसा आहे तसा दिसणं त्या आकड्यावर असतं. या दिव्यांची लाइन मंचाच्या डिमरवरून, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या बटणावरून, नको, जनरेटरवरून सरळ वेगळी ओढून घे. नाहीतर मंच अंधारला की तुझे चित्रकारही अंधारात. आणि दिव्याला काळ्या जाड कागदाची टोपी कर, म्हणजे उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाणार नाही, मंचावरही सांडणार नाही. लाइटवाल्याशी तू स्वतः जाऊन बोल. सेक्रेटरींमार्फत निरोप पाठवलास तर त्याला तो हुकूम वाटेल. त्याला चहा देऊन ‘दादा, माझ्या चित्रकारांना एवढं करून द्या’ म्हटलंस की तो स्वतःकडची चांगली क्लिप काढून देईल. असा अनुभव मला एकदा नाही, दरवेळी आलाय.

जागेचं बोलू. मंचाच्या मधोमध, गवयाच्या पाठीमागे चित्रकार उभा करायची टूम अधूनमधून कुणाला तरी येते. तिला नाही म्हण. ख्याल चालू असताना पाठीमागे हात हलत राहिला की ऐकणाऱ्याचं लक्ष तुटतं आणि चित्रकारही त्या मांडणीतली शोभेची वस्तू होतो. मंचाच्या बाजूला, प्रेक्षकांमधून मान थोडी वळवली की दिसेल असा फूटभर उंच चौथरा मंडपवाल्याकडून करून घे. स्पीकरच्या भिंतीपासून लांब. बँडच्या दिवशी याला फार महत्त्व आहे. कामाच्या जागी कानांसाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा दंडक आहे: ८५ डेसिबलला ८ तास, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. स्पीकरजवळ १०० सहज होतात, आणि तुझी माणसं तिथं तीन-तीन तास उभी राहणार. फोमचे कानबोळे सगळ्यांना वाट आणि स्वतः पहिल्यांदा घाल, म्हणजे बाकीचे लाजणार नाहीत.

नेरूळ म्हणजे खाडी जवळ. संध्याकाळी वारा सुटला की चार बाय सहा फुटांचा कॅनव्हास शिडासारखा फुगतो आणि ईझलसकट आडवा होतो. ईझलचा नाद सोड. मंडपवाल्याकडून बांबूची चौकट बांधून घे आणि पायाला वाळूची पोती ठेव. जानेवारीत रात्री दव पडतं, ते आणखी एक. ॲक्रिलिकचा पातळ हात एरवी वीस-पंचवीस मिनिटांत सुकतो, दव पडायला लागलं की तेवढ्यात सुकत नाही. कागदावर काम करणाऱ्याचा कागद तर नऊनंतर हाताला मऊ लागतो. म्हणून खालचा रंगाचा हात दुपारी उन्हातच देऊन ठेवायला सांग, जलरंगवाल्याला छताखाली बसव, आणि रात्री झाकायला ताडपत्री ठेव. ताडपत्री कॅनव्हासला टेकता कामा नये, मधे काठी हवी. एवढा मोठा कॅनव्हास लोकलच्या मालडब्यातही धड येत नाही. कापड गुंडाळून आणायला सांग, चौकटीवर मैदानातच ताणा. ब्रश धुतलेलं पाणी पिंपात साठवा, मैदानाच्या गटारात नको. ते शेवटी खाडीतच जातं.

मुलं चित्राला हात लावतात. त्यांना हाकलून उपयोग नाही, आणि हाकलावं असं मला वाटतही नाही. चौथऱ्याच्या अलीकडे, त्यांच्या उंचीला, एक लांब कापड ताणून दे आणि चार रंगांच्या वाट्या ठेव. एक ज्युनियर तिथं बसव. पोरं तिकडे रमली की मोठा कॅनव्हास सुरक्षित. त्या कापडावर कधीकधी इतकं सुंदर काहीतरी होतं, की मी एक घरी लावून ठेवलंय.

पाचही जणांनी कॅनव्हासच रंगवावा असं काही नाही. शास्त्रीयच्या दिवशी एक सुलेखन करणारं कुणी मिळालं तर जरूर बसव. बंदिशीचे दोन-चार शब्द गवई पुन्हा पुन्हा घोळवतो, दरवेळी वेगळ्या वजनानं. तेच शब्द कटनिबनं, म्हणजे कापलेल्या रुंद टोकाच्या निबनं, कागदावर तसेच घोळवले जातात तेव्हा गाणं कळत नसलेला माणूसही थांबून बघतो. तुमच्या नवी मुंबईत अच्युत पालवांमुळे सुलेखनाची गोडी लागलेली बरीच तरुण मुलं आहेत; २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ती किती आनंदली होती! शोधलंस तर तुझ्याच सेक्टरमध्ये कुणीतरी निघेल. रांगोळीचा मोह मात्र टाळ. ठाण्यात पाडव्याच्या स्वागतयात्रेला मोठमोठ्या रांगोळ्या निघतात, त्या बघून समिती सुचवेल. तुझ्या मैदानावरच्या वाऱ्यात पहिल्या अर्ध्या तासातच रेषा उडतील.

आता फोटोग्राफर. आलापात झालेला तो प्रकार मला फार लागला. गायिका डोळे मिटून एकेक स्वर लावते तेव्हा ती आपल्यासमोर अगदी उघडी असते. त्या वेळी तीन फुटांवर शटर खटखटवणं म्हणजे कुणी देवासमोर हात जोडून उभं असताना खांद्याला हलवणं. तुझ्या चौघांना हे आधी पटायला हवं, नियम नंतर.

शास्त्रीयला फोटो काढायची सगळ्यात चांगली वेळ गाणं सुरू व्हायच्या आधीची. तानपुरे जुळवले जातात. गायिका कान तारेशी नेऊन खुंटी हलकेच पिळते, तबलजी हातोडीनं गट्टे ठोकून स्वर बघतो, हार्मोनियमवाला भाता सोडतो, कुणीतरी कोमट पाण्याचा घोट घेतं. चेहऱ्यांवर अजून मैफलीचा भार नसतो. या पंधरा मिनिटांत हवं तेवढं जवळ जा, हवे तेवढे फोटो काढा. आलाप सुरू झाला की पहिल्या रांगेच्या पुढं कुणीही नाही. तिथून पुढं लांब लेन्स, आणि शटर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. अतिविलंबित, म्हणजे फार संथ, एकतालाचं एक आवर्तन, तालाचा एक फेरा, चाळीस-पन्नास सेकंदांचंही असतं. ज्याला मोजता येतं त्याला सम कधी येणार ते आधीच कळतं. समेवर तबल्याचा ठोका पडतो, गायिकेची मान आणि हात एकदम येतात, समोरून दाद जाते. फोटोही तिथंच असतो, आणि शटरचा आवाज त्या दादेत विरून जातो. चौघांपैकी ताल मोजता येणारं कुणी असेल तर ती जागा त्यालाच दे, मग त्याचा कॅमेरा जुना का असेना.

‘सायलेंट मोडवर ठेवतो की’ असं कुणीतरी म्हणेल. जपून. एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण ते फार वेगानं लुकलुकत असतात. सायलेंट मोडमध्ये कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटर वापरतो आणि ते चित्र ओळीओळीनं वाचतं, म्हणून फोटोवर आडवे काळे पट्टे येतात आणि ते नंतर पुसता येत नाहीत. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साध्या दिव्यांत १/५० किंवा १/१०० शटरला पट्टे सहसा येत नाहीत. मंचावरच्या डिम केलेल्या एलईडीचं गणित मात्र प्रत्येक दिव्यागणिक वेगळं असतं. म्हणून चाचणी हवी, आणि ती दुपारच्या साउंडचेकला करून उपयोग नाही, उन्हात काही कळत नाही. जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो. त्यानंतरची दहा मिनिटं लाइटवाल्याकडून मागून घे. त्याला आणखी एक विनंती कर: शास्त्रीयच्या दिवशी मंचावर एकच उबदार, स्थिर उजेड ठेवायचा, रंगांची फिरवाफिरव नको. फोटोंसाठी चांगलं आणि गाणाऱ्यासाठी त्याहून चांगलं.

बँडच्या दिवशी पद्धत वेगळी. मंच आणि बॅरिकेडमधल्या पिटमध्ये पहिली तीन गाणी, फ्लॅशशिवाय, मग बाहेर, हा जगभरचा रिवाज आहे. तो आधीच जाहीर करून टाक आणि प्रत्येक बँडच्या मॅनेजरला विचारून घे. लाल-निळ्या उजेडात चेहऱ्याचा तपशील जळून जातो आणि माणूस प्लास्टिकचा दिसतो. सांग, की एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा आणि पांढरा किंवा पिवळा दिवा येईपर्यंत थांबा. दर गाण्यात एकदा तरी येतो. ड्रोन कुणी आणला तर पेटीतच राहू दे. डोक्यांवरून उडवणं धोक्याचं, शिवाय नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालाय. त्याच्या आसपासच्या हवाई हद्दीत परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही.

चौघांना जागा वाटून दे: एक पुढं, एक साउंडच्या टेबलाजवळ मागं, एक मंचामागं, एक प्रेक्षकांत. दर कलाकारानंतर अदलाबदल, म्हणजे कुरबुर होत नाही. प्रेक्षकांतल्याकडे आणखी एक काम असतं, ते हमखास विसरलं जातं: रंगवत असलेल्या चित्रकारांचे फोटो. आणि चित्र पूर्ण झाल्यावर, ते जागेवरून हलायच्या आधी, पांढऱ्या दिव्यात समोरून एक सरळ फोटो. चित्र पुढं कुठंही गेलं तरी चित्रकाराकडे तेवढं राहतं. लहान मुलांचे जवळून फोटो काढताना आईवडिलांना विचारायचं. कार्ड त्याच रात्री मैदानातच दोन डिस्कवर उतरवायची, एक तुझ्याकडे, एक दुसऱ्या कुणाच्या घरी.

काकांचं. त्यांना सगळ्यांदेखत काही बोलू नकोस, आणि उरलेल्या नऊ जणांबरोबर सूचनांच्या मेसेजमध्येही घालू नकोस. घरी जा. गायिकेकडून किंवा त्यांच्या शिष्येकडून आधीच एक ओळ मागवून घे, की आलापात मंचाजवळ कुणी नको. मग काकांना म्हण, ‘काका, या वेळी कलाकारांनीच असं कळवलंय. पहिल्या कलाकाराचे तानपुरे जुळतात ना, त्या वेळी मंचावर फक्त तुम्ही. आणि गाणं सुरू झालं की डावीकडची कोपऱ्याची खुर्ची तुमची, तिथून चेहऱ्यावर उजेड चांगला येतो.’ इतकी वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाला कुणी जागा देत नाही, म्हणून तो जागा घेत सुटतो. मान देऊन जागा दिलीस तर बहुतेक तो प्रश्न तिथंच मिटेल. तरीही उठले, तर तू जाऊन शेजारी बस आणि हळूच हात धर. तुझे हात मोकळे हवेत ते यासाठीही.

पैशांविषयी मी थोडं कडक बोलणार आहे. साउंडवाल्याला पैसे मिळतात, मंडपवाल्याला, जनरेटरवाल्याला, हारवाल्याला मिळतात. फक्त चित्रकार आणि फोटोग्राफर यांना ‘प्लॅटफॉर्म’. हे मला कधीच पटलेलं नाही. मोठं मानधन जमत नसेल हे मी समजू शकते. पण येण्याजाण्याचा खर्च, दोन्ही वेळचं जेवण, शेवटची गाडी चुकली तर रिक्षाचे पैसे, आणि प्रत्येकाला पाकिटात घालून दिलेली, लहान का असेना, एक रक्कम एवढं माग. नऊ पाकिटं आणि दहावं तुझं. तुझं मागायला लाजू नकोस. तू फुकट करतेस म्हटलं की बाकीच्यांना मागता येत नाही.

आणि चित्र कुणाचं, फोटो कुणाचे, हे आधी लिहून घे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात एक गोष्ट आहे, ती बहुतेक कलाकारांना माहीत नसते. कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला किंवा चित्र रंगवलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक सांगणारा ठरतो. मोबदला नसेल तर साधारणपणे काढणाराच मालक. म्हणजे गेल्या वर्षी फुकट राबलेल्या तुझ्या मैत्रिणीच्या त्या चित्राचे हक्क तिचेच, आणि यंदा पाकीट घेतलंत की कागदाशिवाय ते समितीकडे जाऊ शकतात. म्हणून पाकीट आणि कागद एकदमच हवेत. कागद एका पानाचा पुरे. चित्राचा कॅनव्हास कलाकाराकडे राहील. समितीला हवा असेल तर ठरलेल्या किमतीला विकत घेईल. कॉपीराइट कलाकाराचाच. समितीला महोत्सवाच्या प्रसिद्धीसाठी फोटो आणि चित्रांच्या प्रतिमा वापरता येतील, नाव छापून, अमुक वर्षं. प्रायोजकाच्या जाहिरातीसाठी वेगळं विचारावं लागेल. कुणी ‘सगळे हक्क आमच्याकडे’ असं लिहिलेला कागद पुढं केला तर सही करू नका. आणि फोटोवाल्यांना हेही सांग, की गाण्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग हा गाणाऱ्याचा हक्क आहे. रीलसाठी अख्खी बंदिश उतरवायची तर आधी त्यांची परवानगी.

वेळेचं एक. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, सरकारनं सूट दिलेले मोजके दिवस सोडून. दहाला गाणं थांबतं आणि अर्ध्या तासात जनरेटरही जातो. अंधारात ओले कॅनव्हास उचलायची पाळी येऊ नये, म्हणून चित्रकारांचं काम साडेनऊला आवरतं घे.

तुझ्या त्या मैत्रिणीला मेसेज नको. भेट. ‘यंदा येशील का’ हे पहिलं वाक्य नको. ‘गेल्या वर्षी मी तिथं होते आणि बोलले नाही’ हे पहिलं असू दे. तू फोटो काढत होतीस, तुला कळेपर्यंत चित्र गेलं असेल, तरीही. मग समितीचा सही झालेला कागद तिच्या हातात दे, आणि ते चित्र पाहुण्यांकडून निदान फोटो काढण्यापुरतं परत मागवण्याचा प्रयत्न मी करते, असं सांग आणि खरंच कर. त्यांना बहुधा ठाऊकही नसेल, की तिला विचारलं नव्हतं. एवढं करून ती नाही म्हणाली तर आग्रह धरू नकोस; चार चित्रकारांवर काम भागतं.

राहिले तुझे फोटो. तानपुरे जुळण्याची ती पंधरा मिनिटं आहेत ना, दुसऱ्या कलाकाराच्या वेळची तू घे. पहिल्या वेळी काका आहेत, तिसऱ्या वेळेपर्यंत तू थकलेली असशील. तेवढ्यापुरता फोन आणि किल्ल्या एखाद्या विश्वासू ज्युनियरकडे दे, कुणी हाक मारली तरी बघायचं नाही. एकच लेन्स घेऊन मंचावर जा. चार वर्षं तू त्या मैदानात हजारो फोटो काढलेस, पण आतापर्यंत तुला कुणी मंचावर जाऊन बसायला दिलं नव्हतं. या वेळी वेळापत्रक तूच लावणार आहेस. तुझ्या नावापुढची ती पंधरा मिनिटं त्यात आधीच लिही.

शनिवारी जाताना मागण्या तोंडी सांगू नकोस. पांढरे दिवे आणि वेगळी लाइन, सूर्यास्तानंतरची दहा मिनिटं, दहा पाकिटं, आणि हक्कांचं ते एक पान. दोन प्रती ने. एकीवर सेक्रेटरींची सही घेऊन ये, मग घरी येऊन मित्रांना फोन कर.